मेल्यावर किती दिवस?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा अंबाजोगाईला आमच्याकडे आला होता. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येताना बॅगेत कपडे कमी आणि फासेच जास्त. चार पैलूंचा, आठ पैलूंचा, बारा पैलूंचा आणि सगळ्यांत लाडका वीस पैलूंचा. रात्री जेवणं झाली की तो माळवदाच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा. पडद्यावर पुण्याचे दोन आणि हैदराबादचे दोन मित्र, पुढ्यात सतरंजीवर फासे. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स.

एका रात्री अकराच्या सुमारास तो मोठ्यानं ओरडला, "मेलो!"

आई शेजारच्या खाटेवर जागीच होती. सत्तरी ओलांडल्यापासून तिला झोप कमीच. "कोण मेलं रं?" ती उठून बसली.

"मी, आजी. म्हणजे मी नाही, माझं पात्र. खेळातलं."

"मग संपला खेळ?"

"नाही ना. दहा दिवसांच्या आत पाचशे मोहरांचा हिरा मिळवला आणि मंत्र म्हणणारा भेटला, तर परत आणता येतं त्याला."

"दहाच दिवस?"

"हो. दहाच. नियम आहे."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरोबरच हाय. दहाव्यापर्यंत माणूस इथंच असतंय."

भाचा हसला. मला हसू आलं नाही. वडील गेले त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती, पण त्यांचा दहावा आमच्या घरात अजून संपलेला नव्हता. त्याबद्दल पुढे सांगतोच. त्या रात्री मात्र एक प्रश्न डोक्यात घुसला. लेक जिनिव्हा नावाच्या अमेरिकेतल्या एका गावात, युद्धखेळांच्या नादी लागलेल्या माणसांनी रचलेल्या खेळात मरणोत्तर जगाचे इतके काटेकोर नियम आले कुठून? आणि आपल्याकडे ते कधीपासून आहेत?

एक प्यादं, एक नाव

बुद्धिबळात प्यादं मेलं तर त्याचं पुढं काय होतं, असं कुणी विचारत नाही. ते डब्यात जातं. पुढच्या डावाला पुन्हा उभं राहतं. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यानं अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी युद्धाचा खेळ वापरायला सुरुवात केली. राइस्विट्झ या अधिकाऱ्यानं १८२४ साली त्याचे नियम छापले. नकाशा, पलटणी दाखवणारे ठोकळे, फासे आणि निवाडा देणारा पंच. तिथंही मेलेली माणसं म्हणजे आकडाच होता. पलटण निम्म्यावर आली, ठोकळा काढून घ्या.

हाच छंद पुढं अमेरिकेत घरोघरी तळघरांत पोचला. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१मध्ये मध्ययुगीन लढायांचे नियम छापले. त्याच सुमाराला मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसननं एक साधा बदल केला. प्रत्येक खेळाडूनं अख्खी फौज सांभाळायची नाही, एकच माणूस सांभाळायचा. त्याला नाव द्यायचं. आज जे कमावलं ते पुढच्या आठवड्याच्या डावात घेऊन यायचं. गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात बाजारात आला, तो या बदलातून.

माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. प्याद्याला नाव दिलं, सहा महिने त्याच्याबरोबर घालवले, की त्याचं मरण डब्यात टाकता येत नाही. मग लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: आता तो कुठं आहे? म्हणूनच त्या पहिल्या पुस्तिकेतच मेलेल्याला उठवण्याचा मंत्र होता आणि पुनर्जन्माचाही होता. परलोकाचा नकाशा अजून कुणी काढला नव्हता, पण परत येण्याचा दरवाजा आधीच करून ठेवला होता.

नकाशा तीन-चार वर्षांत आला. गायगॅक्सनं १९७७मध्ये एका मासिकात लेख लिहिला आणि १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकाच्या परिशिष्टात तो नकाशा पक्का झाला. माणसाच्या स्वभावाचे दोन अक्ष धरायचे: नियमपालन ते स्वैरपणा, आणि चांगुलपणा ते दुष्टपणा. या चौकटीच्या कडेनं वेगवेगळे लोक मांडायचे. ज्याचा स्वभाव जसा, तशा लोकात त्याचा आत्मा जाणार. वैकुंठ, नरक, ग्रीकांचा ऑलिंपस, उत्तरेकडच्या लोकांचं वीरस्थान, सगळं एकाच आकृतीत. गंमत म्हणजे त्यात 'निर्वाण' नावाचाही एक लोक होता. तो कुणाच्या वाट्याला? तर जे ना चांगले ना वाईट, फक्त नियमानं चालणारे, त्यांच्या. पुढं या निर्वाणाचं वर्णन एकात एक अडकून फिरणाऱ्या अवाढव्य दातेरी चाकांचं जग असं झालं. आणखी पुढच्या आवृत्तीत त्याचं नावच बदलून यंत्रजग अशा अर्थाचं केलं. बुद्धानं ज्या चाकातून सुटायचं म्हटलं, त्याच चाकांना यांनी निर्वाण म्हटलं होतं!

१९८०च्या त्यांच्या देवदेवतांच्या ग्रंथात एक प्रकरण भारतीय दैवतांचंही आहे. इंद्र, विष्णू, यम यांना प्रत्येकी किती घाव सोसतात याचे आकडे दिलेले आहेत. म्हणजे फासा नीट पडला तर यमालाही मारता येईल. आमच्याकडं सावित्रीला त्यासाठी नुसतं बोलणं पुरलं होतं.

दोनशे सत्तेचाळीस योजनं रोज

हे वाचून हसण्याआधी आपली नियमपुस्तिका उघडून बघावी. गरुडपुराणाचा प्रेतकल्प आणि त्यावर आधारलेला सारोद्धार हे ग्रंथ आजही अनेक घरांत माणूस गेल्यावर दहा दिवस वाचले जातात. त्यातली व्यवस्था कुठल्याही खेळाच्या पुस्तकाला लाजवेल अशी आहे.

देह जळाला की आत्म्याला शरीर उरत नाही. मग रोज एक पिंड द्यायचा. पहिल्या दिवशीच्या पिंडानं डोकं तयार होतं, पुढच्या दिवसांच्या पिंडांनी मान, खांदे, छाती, असं करत दहाव्या दिवसापर्यंत हातभर देह पुरा होतो. दहाव्याला त्याला भूक-तहान लागते. तेराव्या दिवशी यमदूत त्याला घेऊन निघतात. यमलोकाची वाट शहाऐंशी हजार योजनं. वाटेत सोळा पुरं, वैतरणी नदी. रोजची चाल दोनशे सत्तेचाळीस योजनं. आता भागाकार करा. ८६,००० भागिले २४७ म्हणजे साधारण ३४८ दिवस. त्यात आधीचे तेरा मिळवा. ३६१ होतात. वर्षश्राद्धाच्या आसपास आत्मा पोचतो! आकडे आधी ठरले आणि विधी नंतर, की उलट, ते पुराणकारांनाच ठाऊक. पण कुणीतरी बसून हिशेब जुळवला आहे, यात शंका नाही.

परत जन्म घ्यायचा तर चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा तक्ता तयार आहे. जलचर नऊ लाख, स्थावर वीस लाख, कृमी अकरा लाख, पक्षी दहा लाख, पशू तीस लाख, माणसं चार लाख. बेरीज बरोबर येते. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही पुनर्जन्माच्या मंत्राला असाच तक्ता आहे. फासे टाकायचे आणि आकडा येईल तो देह घ्यायचा. जुन्या आवृत्त्यांत अस्वल किंवा बिज्जूही होता यायचं. माणसाचा जन्म मिळण्याची शक्यता त्यांच्याकडे आपल्यापेक्षा बरी आहे, एवढाच फरक.

नियम असले की अडचणीही येतात आणि अडचणी आल्या की पोटनियम. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला पाहिजे. नाही शिवला तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात. मग घाटावर माणसं एकेक आश्वासन द्यायला लागतात. धाकटीचं लग्न करू. विहिरीचं काम पुरं करू. भावाभावांत भांडणार नाही. तरीही नाही आला, तर दर्भाचा कावळा करून शिवायचा आणि पुढं जायचं. मला हा पोटनियम फार माणुसकीचा वाटतो. ज्यानं कुणी तो काढला, त्याला ठाऊक होतं की जिवंत माणसांना घरी जायचं असतं.

आमचे वडील २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. दुसरी लाट होती. ज्या दवाखान्यात ते होते तिथून त्यांना थेट नेलं. आम्ही लांब उभे होतो. तोंड बघता आलं नाही, घरी आणता आलं नाही, पाणी पाजता आलं नाही. गंगेवर जायची सोय नव्हती (आमच्याकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात). दहावा गच्चीवर केला, दोन माणसांत. भटजींनी फोनवरून सांगितलं तसं. कावळे त्या महिन्यात गावभर होते, पण आमच्या गच्चीवर एकही उतरला नाही. दर्भही घरात नव्हता. शेवटी आईनंच पिंड उचलून कठड्यावर ठेवला आणि आत गेली. कावळा आला की नाही, हे कुणीच बघितलं नाही.

तेव्हापासून आईच्या मनात एकच: त्यांचं नियमात बसलं का? की ते अडकलेत कुठं?

जन्माच्या घरापासून

मरणोत्तर प्रवासाचा खेळ करायची कल्पना अमेरिकन नाही. आपल्या सापशिडीचा मूळ पट मरणाचाच आहे. गुजरात-राजस्थानात त्याला ज्ञानचौपड म्हणत, आपल्याकडं मोक्षपट. मराठीत तो ज्ञानेश्वरांनी रचला असं सर्रास सांगितलं जातं. त्याला आधार मात्र परंपरेचा आहे. तेराव्या शतकातला एकही पट उरलेला नाही. जे जुने पट आज संग्रहांत आहेत ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले. जैनांचे, वैष्णवांचे, सूफी परिभाषा वापरणारेही. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे १८३१पासून असा एक पट आहे. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५मध्ये या सगळ्या पटांचा पहिला सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यात भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ मराठी मोक्षपटाच्या शोधात होते, आणि त्यांना तो सापडला रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात. पहिलं घर जन्माचं, शेवटचं मोक्षाचं. खेळायला कवड्या.

ज्ञानेश्वरांचं नाव या खेळाला का चिकटलं असावं, याचा अंदाज करता येतो. गीतेतलं तत्त्वज्ञान ज्यानं बायाबापड्यांच्या भाषेत आणलं, त्यानंच ते पोरांच्या खेळातही आणलं असणार, असं लोकांना वाटलं. माझ्यासारख्या बीडच्या माणसाला यात थोडा वशिल्याचाही आनंद आहे, कारण ज्ञानेश्वरांचे पूर्वज त्र्यंबकपंत हे यादवांच्या काळात बीडचे देशाधिकारी होते असं परंपरा सांगते.

उत्तरेकडच्या बहात्तर घरांच्या पटाची एक प्रत हरीश जोहरी यांनी विसाव्या शतकात प्रसिद्ध केली. तो पट समोर ठेवून खेळलात तर त्यातला विचार कळतो. सहा पडल्याशिवाय जन्मच मिळत नाही. बारावं घर असूयेचं, तिथं साप. पंचावन्नावं अहंकाराचं, तो साप थेट तिसऱ्या घरात, क्रोधात आणून सोडतो. दयेच्या सतराव्या घरातून एकदम ब्रह्मलोकाची उडी. चोपन्नावं घर भक्तीचं, तिथून सरळ अडुसष्टाव्या घरात, वैकुंठात. जुन्या पटांवर साप जास्त आणि शिड्या कमी, कारण पुण्याची वाट अवघड, असं आपण नेहमी ऐकतो. या पटावर मोजून बघा: दहा साप, दहा शिड्या.

खरी अवघड गोष्ट वेगळी आहे. वैकुंठ शेवटच्या घरात नाही. ते अडुसष्टावर आहे आणि नेमकं तेवढंच दान पडावं लागतं. जास्त पडलं तर तुम्ही वैकुंठ ओलांडून पुढं जाता. पुढं गुणांची घरं आहेत आणि बहात्तराव्या घरात तमोगुणाचा साप बसला आहे. तो तुम्हाला एक्कावन्नाव्या घरात, पृथ्वीवर परत पाठवतो. मोक्षाला जवळ जाऊन चुकलेल्याला पटाबाहेर काढत नाहीत. जमिनीवर आणतात, आणि खेळ चालू राहतो.

हा खेळ १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये छापून विकायला आला तेव्हा घरांवरची नावं बदलली. काटकसर, पश्चात्ताप, उद्योगीपणा यांच्या शिड्या. आज्ञाभंग, आळस यांचे साप. शिडीच्या टोकाला समृद्धी आणि यश, सापाच्या शेपटीला आजार आणि दारिद्र्य. मरणानंतरचा सगळा प्रवास काढून टाकला आणि उरली ती मुलाची शाळा, नोकरी आणि बचत. पुढं नावंही गळाली, फक्त आकडे राहिले. १९४३मध्ये अमेरिकेत तर साप मुलांना भीतीदायक म्हणून गेले आणि घसरगुंड्या आल्या. मीही लहानपणी मोंढ्यातल्या दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्यावर तेच आकडे खेळलो. नव्व्याण्णववरचा साप मला का गिळतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं तीसेक वर्षांनी अमेरिकेतच एका खेळानं परलोकाला पुन्हा पटावर आणलं. त्या खेळाच्या कर्त्यांना मोक्षपट ठाऊक होता असं मी म्हणणार नाही. तसं मानायला काही आधार नाही. माणूस पटावर स्वतःच्या नावानं उभा राहिला की पटाची एक कड मरणापलीकडे जाऊ लागते, एवढंच यातून दिसतं.

आमच्याकडचे नकाशे

बीड जिल्हा बातम्यांत येतो तो दुष्काळामुळं, ऊसतोडीमुळं किंवा राजकारणातल्या हाणामाऱ्यांमुळं. पण आत्म्याच्या वाटेचे नकाशे काढणारा एवढा दाट मुलूख मराठीत दुसरा क्वचितच असेल.

अंबाजोगाईच्या बाहेर मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधू' परंपरेनं ११८८चा मानतात. विदर्भातले लोक मुकुंदराज आंभोऱ्याचे म्हणतात, ते भांडण चालू राहो. या ग्रंथात देहाचे थर सोलत जायचं: स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण. त्यांच्याबद्दल एक दंतकथा आहे. जैत्रपाळ राजानं साधूंना अट घातली होती, घोड्याच्या रिकिबीत पाय घालून मांड टाकेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ब्रह्म दाखवा. जमलं नाही की त्यांना कामाला जुंपायचा. मुकुंदराजांनी ते दाखवलं म्हणतात. शहाऐंशी हजार योजनांची वाट रिकिबीत पाय घालण्याच्या वेळात!

त्याच गावात दासोपंत (१५५१–१६१५) होऊन गेले. त्यांची पासोडी हा एक अचंबाच आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहून काढलं, आकृत्यांसकट. पंचमहाभूतं कशी मिसळतात, त्यांतून देह कसा होतो, मरताना काय कशात विरतं. लहानपणी शाळेतून आम्हाला ती दाखवायला नेलं होतं. अक्षर लागलं नाही. पण रकाने, चौकोन, रेघा बघून मित्र कानात म्हणाला, "सापशिडी हाय." मास्तरांनी त्याला चापट मारली. आता वाटतं, तो फार चुकला नव्हता.

गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी पांचाळेश्वर आहे, महानुभावांचं आत्मतीर्थ. महानुभावांची मांडणी या विषयात सर्वांत शिस्तशीर म्हणावी लागेल. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र पदार्थ. देवता एक्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा, नऊ थव्यांत लावलेल्या. ज्या देवतेची उपासना कराल तिच्या लोकातलं फळ मिळेल, पण मोजकं. पुण्य संपलं की परत खाली. मोक्ष द्यायची ताकद कुठल्याच देवतेत नाही, ती फक्त परमेश्वराची. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या काल्पनिक जगांत आत्मा आपापल्या देवाच्या लोकात जातो हे वाचल्यावर मला चक्रधरांची आठवण आली. ते म्हणाले असते, तुमचा नकाशा बरोबर आहे, पण तो पहिल्या तीन पदार्थांचाच आहे.

बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. वीरशैवांची सहा स्थळं त्यांनी मराठीत समजावली: भक्तापासून ऐक्यापर्यंत. तिथं तर मरणाची वाटच बघायची नाही. सहाही घरं याच देहात चालायची.

एवढे नकाशे, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. तरी या गावांतली माणसं शेकडो वर्षं एकमेकांच्या जत्रांना जात आली आहेत. कुणी कुणाचा नकाशा फाडला नाही.

भिंत

नियम आले की प्रश्न येतो, नियमाबाहेर कोण. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या नियमांत मेलेल्या एल्फला उठवता येत नसे. कारण म्हणे एल्फला माणसासारखा आत्मा नसतो, वेगळ्या जातीचं काहीतरी असतं. आणि या खेळाच्या सर्वांत लोकप्रिय कल्पित जगात, फरगॉटन रेल्म्समध्ये, एक भिंत आहे. ज्यानं हयातीत कुठलाच देव मानला नाही त्याचा आत्मा मृतांच्या नगरीभोवतीच्या भिंतीत चिणायचा. तिथं तो हळूहळू विरघळून नाहीसा होतो. भाच्यानं मला सांगितलं की खेळाडू यावर वर्षानुवर्षं भांडत आलेत. ज्यानं कुणाचं वाईट केलं नाही त्याला फक्त देव मानला नाही म्हणून चिणायचं? शेवटी २०२०मध्ये प्रकाशकांनी एका पुस्तकाच्या दुरुस्तीत त्या भिंतीचा उल्लेखच काढून टाकला.

भिंत म्हटल्यावर मराठी माणसाला चोखोबा आठवल्याशिवाय राहत नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं. गावाबाहेरच्या महारांना वेठीला धरलं होतं. १३३८ साली ते कूस कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. ढिगाऱ्यात कुणाची हाडं कुठली, कळेना. नामदेवांनी एकेक अस्थी कानाला लावली आणि ज्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं त्या उचलल्या, अशी कथा आहे. पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. देवळाबाहेर, कारण मेल्यावरही आत घेतलं नाही.

कल्पनेतल्या भिंतीत देव न मानणारे चिणले जात. आमच्या खऱ्या भिंतीखाली रात्रंदिवस देव मानणारा गाडला गेला. त्याच्यासाठी कुणाच्या नियमपुस्तिकेत पिंड, दर्भ, कावळा लिहिलेला नव्हता. नामदेवांनी कुठला विधी केला हे कथा सांगत नाही. ते तिथं गेले, खाली बसले आणि कान लावून ऐकलं, एवढंच सांगते. लॉकडाऊनमध्ये गेलेल्यांच्या घरी ही गोष्ट कुणीतरी जाऊन सांगायला हवी होती, असं मला फार वाटतं. मी स्वतः आईला तेव्हा ती सांगितली नाही. सुचलीच नाही.

येणार का, ते विचारलं?

दुसऱ्या रात्री खेळ पुढं सुरू झाला. आई मुद्दाम खाट ओढून जवळ बसली होती. चार मित्रांनी कुठल्याशा खाणीत जाऊन हिरा मिळवला होता. मंत्र म्हणणारी बाई भेटली होती. आता खेळ चालवणारा पोरगा, ज्याला ते डंजन मास्टर म्हणतात, भाच्याला म्हणाला, "मंत्र पूर्ण झालाय. तुझ्या आत्म्याला हाक ऐकू येतेय. परत यायचंय का?"

हाही नियमच आहे. उठवायचा मंत्र लागू व्हायला आत्मा मोकळा हवा आणि राजी हवा. हिरा असला, दहा दिवस उलटले नसले, तरी त्याची मर्जी नसेल तर कुणी त्याला ओढून आणू शकत नाही. इतक्या आकडेमोडीच्या खेळात ही एक जागा फाशाला दिलेली नाही.

मला इथं आपले संत आठवले. सगळे नकाशे मोक्षाकडं नेत असताना वारकऱ्यांनी मधेच बसकण मारली. वैकुंठ नको, मोक्ष नको, पुन्हा पुन्हा जन्म दे, पण पंढरीची वाट आणि संतांची संगत दे, असं नामदेव-तुकारामांनी देवालाच बजावलं. मोक्षपटाच्या भाषेत सांगायचं तर अडुसष्टाव्या घराच्या दारात उभं राहून, आम्हाला आपलं एक्कावन्नावं बरं, असं म्हणण्यासारखं आहे. पृथ्वी ही त्यांना शिक्षा वाटलीच नाही. कुणी राहायचं म्हणतो, कुणी जायचं म्हणतो. पण विचारायचं ते त्याला.

भाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाही. नाही येत. त्याचं काम झालंय."

मित्रांनी आरडाओरडा केला. एवढा हिरा फुकट गेला! भाचा ऐकेना. उद्या नवीन पात्र बनवतो म्हणाला.

आईनं विचारलं, "त्यो येत न्हाई म्हणला?"

"हो आजी. त्याला विचारावं लागतं. तो नको म्हणाला."

"मग त्याचं सामानसुमान?"

"ते वाटून घेतलं सगळ्यांनी. ढाल एकानं, घोंगडी एकानं. त्याची झोळी मी नव्या पात्राला देणारे."

"मग झालं की," आई म्हणाली आणि खाट परत जागेवर ओढून आडवी झाली.

वडिलांची काळी छत्री इतकी वर्षं दाराआडच्या खिळ्याला तशीच होती. कुणी हात लावलेला तिला चालायचा नाही. भाचा निघाला त्या दिवशी अवकाळी भुरभुर चालू होती. आईनं स्वतः ती छत्री काढली, पदरानं धूळ पुसली आणि त्याच्या हातात दिली. "पुण्याला पाऊस लई असतोय," म्हणाली. तो रिक्षातून स्टँडकडं गेला. आई उंबऱ्यात उभी राहून छत्री दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.